विजेची मोटार नेपाळला नेताना : मानवत ते काठमांडू प्रवासाची पूर्वतयारी

मराठवाड्यातून नेपाळला मोटारीने जाणे आता नवलाचे राहिलेले नाही. लुंबिनी, पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथ या तीन स्थळांची ओढ त्यामागे प्रामुख्याने असते. मात्र हा प्रवास विजेच्या मोटारीने करायचा म्हटला, की घरातूनच पहिली शंका उपस्थित होते : ‘वाटेत वीज संपली तर?’ ही शंका रास्त आहे. परंतु ती बहुधा चुकीच्या ठिकाणी घेतली जाते. परक्या देशात गाडी अडेल अशी भीती वाटते. प्रत्यक्षात नेपाळमध्ये विजेच्या मोटारींचा प्रसार भारतापेक्षा कितीतरी पुढे गेला आहे, आणि प्रवासाचा सर्वांत काळजीपूर्वक आखावा लागणारा भाग सीमेच्या अलीकडेच असतो. म्हणूनच अशा सहलीची तयारी घराच्या दारापासून सुरू करावी लागते.

परभणी जिल्ह्यातील मानवत हे कापसाच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे तालुक्याचे गाव. पाथरी, मानवत, परभणी, नांदेड या गावांना जोडत निर्मलकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर ते वसले आहे. येथून उत्तर प्रदेशातील सोनौली हा सीमानाका सुमारे १,४०० किलोमीटर आणि तेथून काठमांडू आणखी पावणेतीनशे ते तीनशे किलोमीटर अंतरावर आहे. मानवत हे येथे उदाहरण म्हणून घेतले आहे. जालना, नांदेड, लातूर किंवा पुण्याहून निघणाऱ्यांनाही हिशेबाची हीच पद्धत उपयोगी पडेल.

पूर्वीचे प्रवासी

भारतातून विजेचे वाहन रस्त्याने परदेशी नेण्याचे धाडस यापूर्वी झाले आहे. नवीन राबेली या अभियंत्याने २०१६ साली ‘तेजस’ नावाची, सौरऊर्जा आणि बॅटरीवर चालणारी ऑटोरिक्षा बंगळुरूहून इंग्लंडपर्यंत नेली. मुंबईहून इराणपर्यंतचा टप्पा मात्र तिला जहाजाने पार करावा लागला. उलट दिशेने वीबे वॅकर हा डच तरुण २०१६ मध्ये ॲमस्टरडॅमहून विजेवर रूपांतरित केलेली मोटार घेऊन निघाला आणि भारतासह तीसहून अधिक देश ओलांडून एप्रिल २०१९ मध्ये सिडनीला पोहोचला. त्याच्या प्रवासात वीज बहुतेक वेळा लोकांच्या घरांतून आणि वाटेवरच्या साध्या जोडण्यांतून मिळाली.

मराठी कुटुंबांतील प्रवाशांनीही लंडन ते महाराष्ट्र हे अंतर मोटारीने कापले आहे. महाडच्या सूनबाई भारुलता कांबळे यांनी २०१६ मध्ये आणि मूळच्या ठाण्याच्या विराजित मुंगळे यांनी २०२४ मध्ये हा प्रवास केला. दोघांच्या गाड्या इंधनावरच्या होत्या. त्यामुळे त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न कागदपत्रांचा आणि सीमांचा होता. विजेच्या मोटारीला हे प्रश्न आहेतच. त्यात ऊर्जेचा हिशेब आणि जोडणीचा मेळ या दोन गोष्टींची भर पडते.

नेपाळ हे सोपे दार का?

मराठवाड्यातील वाहनधारकासाठी खुष्कीच्या मार्गाने गाठता येण्याजोगे परदेश मोजकेच आहेत. पाकिस्तानमार्गे पश्चिमेकडे जाणारी वाट सामान्य पर्यटकाला उपलब्ध नाही. मणिपूरमार्गे म्यानमार आणि थायलंडकडे जाणारा रस्ता फेब्रुवारी २०२१ मधील लष्करी उठावानंतर भरवशाचा राहिलेला नाही. उरतात नेपाळ आणि भूतान. त्यांपैकी नेपाळला भारतीय नागरिकांना व्हिसा लागत नाही, भारतीय वाहनाला ‘कार्ने’ हा सीमाशुल्क हमीचा दस्तऐवज लागत नाही आणि वाहतूकही भारताप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते.

याहून महत्त्वाचे कारण विजेचे आहे. सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१६ या काळात भारत-नेपाळ सीमेवरील मालवाहतूक विस्कळीत झाली आणि काठमांडूत पेट्रोल व स्वयंपाकाचा गॅस मिळेनासा झाला. सर्व इंधन आयात करणाऱ्या या देशाला त्यातून मोठा धडा मिळाला. दुसरीकडे नद्यांवरील जलविद्युत प्रकल्प पूर्ण होत गेले. २०२१ मध्ये ४५६ मेगावॉट क्षमतेचा अप्पर तामाकोशी प्रकल्प सुरू झाला. एकेकाळी दिवसातील बहुतांश तास भारनियमन सोसणारा हा देश पावसाळ्यात भारताला वीज विकू लागला. पेट्रोलच्या गाड्यांवर जबर कर आणि विजेच्या गाड्यांवर तुलनेने हलका कर, असे धोरण त्याच्या जोडीला आले. परिणामी २०२३-२४ या नेपाळी आर्थिक वर्षात ११ हजारांहून अधिक विजेच्या चारचाकी आयात झाल्या आणि पुढील वर्षी नव्या प्रवासी मोटारींतील सुमारे तीन चतुर्थांश विजेच्या होत्या. काठमांडूहून पोखरा आणि चितवनकडे विजेच्या छोट्या प्रवासी बसही धावतात. साहजिकच महामार्गांवरील हॉटेलांनी चार्जिंगची सोय केली आहे. चहा-जेवणासाठी थांबणारा प्रवासी तासभर थांबला तर हॉटेललाही ते हवेच असते.

हिशेब युनिटांचा

विजेच्या मोटारीची तयारी किलोमीटरमध्ये करू नये. ती युनिटमध्ये करावी. वीजबिलावरील एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. बॅटरीची क्षमताही याच मापात दिलेली असते. जाहिरातीतील पल्ला प्रयोगशाळेतील ठरावीक चाचणीवरून काढलेला असतो. महामार्गावर, चार माणसे, सामान आणि वातानुकूलन यांसह तो बराच घटतो.

उदाहरणादाखल ४५ युनिट क्षमतेच्या बॅटरीची मध्यम आकाराची मोटार घेऊ. ताशी ८० ते ९० किलोमीटर वेगाने अशा गाडीला शंभर किलोमीटरला साधारण १५ युनिट लागतात, असे धरावे. कागदावर तीनशे किलोमीटरचा पल्ला निघतो. परंतु प्रवासात बॅटरी शंभर टक्क्यांपासून शून्यापर्यंत वापरता येत नाही. जलद चार्जिंग ८० टक्क्यांनंतर मंदावते, म्हणून तेथे थांबणे वेळेच्या दृष्टीने फायद्याचे. आणि १० टक्क्यांखाली जाणे धोक्याचे. उरलेल्या ७० टक्क्यांत साडेएकतीस युनिट मिळतात, म्हणजेच सुमारे २१० किलोमीटर. त्यातूनही ठरविलेले केंद्र बंद आढळल्यास पुढचे गाठण्यासाठी ३० ते ४० किलोमीटर राखून ठेवावेत. तेव्हा दोन थांब्यांमधील अंतर १७० ते १८० किलोमीटरपेक्षा जास्त असू नये, हा नियम अशा गाडीला लागू पडतो. प्रत्येक वाहनधारकाने स्वतःच्या गाडीचा खर्च मोजून हाच हिशेब करावा. त्यासाठी निघण्याच्या महिनाभर आधी घरचेच सामान आणि माणसे घेऊन परभणी-नांदेड किंवा संभाजीनगरची एक फेरी करून प्रतिशंभर किलोमीटर किती युनिट लागली, याची नोंद ठेवावी.

वेगाचा परिणाम अनेकांच्या लक्षात येत नाही. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ९० ऐवजी १२० किलोमीटर वेगाने गेल्यास तो सुमारे पावणेदोनपट होतो. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मर्यादा असली, तरी विजेच्या गाडीला ती परवडतेच असे नाही. वाटेत लागणारा चार्जिंगचा वेळ धरला, तर ९५ च्या वेगाने जाणारा अनेकदा १२० ने जाणाऱ्याच्या आधी पोहोचतो.

चढणीचा खर्च स्वतंत्र मोजावा. माणसे आणि सामानासह १,७०० किलो वजनाची गाडी एक हजार मीटर उंच चढविण्यासाठी भौतिकशास्त्राच्या नियमानुसार ४.६ युनिट लागतात. मोटर आणि बॅटरीतील घट धरल्यास साडेपाच. उतारावर यातील बराचसा भाग परत मिळतो, कारण विजेची मोटार उतरताना जनित्रासारखी चालून बॅटरी भरते. मात्र बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असेल, तर ही वीज साठवायला जागा नसते आणि गाडी रोखण्याचा सारा भार साध्या ब्रेकवर पडतो. त्यामुळे डोंगरावरील मुक्कामातून सकाळी निघताना बॅटरी शंभर टक्के भरू नये. ८५ ते ९० टक्क्यांवर थांबावे. चढण लागण्यापूर्वी भरून घ्यावे, उतरण्यापूर्वी जागा ठेवावी, असे हे साधे सूत्र आहे.

मानवत ते सोनौली

पहिला टप्पा मानवतहून परभणी, हिंगोली, वाशीममार्गे मालेगाव किंवा कारंजा येथे समृद्धी महामार्गाला लागून नागपूरपर्यंतचा आहे. हे अंतर पावणेचारशे ते चारशे किलोमीटरच्या घरात जाते. म्हणजे वर काढलेल्या नियमानुसार वाटेत दोन वेळा चार्जिंग हवे. या टप्प्यातील अडचण तालुक्याच्या गावांतून जाणाऱ्या पट्ट्यात आहे. मोठ्या शहरांजवळ आणि मुख्य महामार्गांवर जलद चार्जिंगची केंद्रे दाट असतात. आतल्या भागात ती विरळ असतात. एकच यंत्र असलेले केंद्र बंद पडले तर दुसरा पर्याय दूर असतो. म्हणून हिंगोली आणि वाशीम परिसरातील किमान दोन केंद्रांना आदल्या दिवशी दूरध्वनी करून यंत्र चालू आहे काय, हे विचारून घ्यावे. नकाशावरील हिरवी खूण ही यंत्र चालू असल्याची हमी नव्हे.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा असून जून २०२५ मध्ये तो पूर्ण लांबीने खुला झाला. महाराष्ट्र शासनाच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात या मार्गावर विजेच्या मोटारींना पथकरमाफी जाहीर झालेली आहे. तरीही फास्टॅग खात्यात पुरेशी रक्कम ठेवावी, कारण पुढे मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशातील नाक्यांवर पथकर भरावाच लागतो. हा रस्ता सिमेंटचा असल्याने उन्हाळ्यात टायर फार तापतात. निघताना टायर थंड असतानाच हवा मोजावी आणि झिजलेले टायर बदलूनच निघावे. विजेची गाडी तेवढ्याच आकाराच्या पेट्रोलच्या गाडीपेक्षा जड असल्याने टायरवर भारही अधिक येतो.

नागपूरच्या पुढे सिवनी, जबलपूर, कटनी, रीवा, प्रयागराज आणि गोरखपूर अशी वाट आहे. नागपूर-जबलपूर सुमारे पावणेतीनशे, जबलपूर-रीवा सव्वादोनशेच्या वर, रीवा-प्रयागराज सव्वाशेच्या वर, प्रयागराज-गोरखपूर पावणेतीनशेच्या आसपास आणि गोरखपूर-सोनौली शंभर किलोमीटरच्या जवळपास, असे टप्पे पडतात. पेंचच्या जंगलातून जाणारा नागपूर-सिवनी हा भाग आणि जबलपूर-रीवा हा लांब पट्टा यांसाठी निघतानाच बॅटरी भरून घ्यावी. मुक्काम नागपूर, जबलपूर, प्रयागराज आणि गोरखपूर असे ठेवल्यास सीमा पाचव्या दिवशी लागते. रात्री वाहन उभे करण्याच्या जागी १६ अँपिअरचा, व्यवस्थित अर्थिंग असलेला प्लग मिळेल असेच हॉटेल निवडावे. सुमारे ३.३ किलोवॉटच्या सोबतच्या चार्जरने ४५ युनिटची बॅटरी १० टक्क्यांपासून पूर्ण भरण्यास १३ ते १४ तास लागतात, ७.२ किलोवॉटच्या भिंतीवरील यंत्राने सहा-साडेसहा तासांत काम होते. मुक्कामाच्या ठिकाणी मिळणारी ही संथ वीजच प्रवासाचा खरा आधार असते. ती स्वस्त पडते आणि बॅटरीलाही मानवते.

गोरखपूर हा परदेशगमनापूर्वीचा शेवटचा मोठा थांबा समजावा. येथे बॅटरी ९० टक्क्यांपर्यंत भरून घेतली, तर सोनौली ओलांडून भैरहवा-बुटवलपर्यंत निश्चिंतपणे जाता येते. नाक्यावर किती वेळ मोडेल, हे सांगता येत नाही. रांगेत वातानुकूलन चालू ठेवून थांबावे लागले, तरी शिल्लक पुरते.

नाक्यावरची कागदपत्रे

सोनौलीच्या पलीकडे बेलहिया येथे नेपाळचे सीमाशुल्क कार्यालय आहे. नेपाळी भाषेत सीमाशुल्काला ‘भन्सार’ म्हणतात. खासगी भारतीय मोटारीला येथे जितके दिवस थांबायचे तितक्या दिवसांचे शुल्क भरून परवाना घ्यावा लागतो. एका नेपाळी आर्थिक वर्षात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून पुढील जुलैच्या मध्यापर्यंत, जास्तीत जास्त ३० दिवस वाहन ठेवता येते. मुदत संपल्यावर वाहन आढळल्यास दंड होतो आणि प्रकरण वाहन अडकवून ठेवण्यापर्यंत जाऊ शकते. म्हणून परतीच्या ठरलेल्या दिवसापेक्षा दोन दिवस अधिक भरलेले बरे. दरड कोसळून रस्ता बंद झाल्यास ते दोन दिवस उपयोगी पडतात.

सोबत ठेवावयाची कागदपत्रे अशी : मूळ नोंदणी प्रमाणपत्र, चालकाचा मूळ परवाना, विमापत्र आणि प्रत्येकाचे ओळखपत्र. भारतीय प्रौढ नागरिकास पारपत्र किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र चालते. आधार कार्डावर विसंबून जाऊ नये. ते केवळ ६५ वर्षांवरील आणि १५ वर्षांखालील व्यक्तींच्या बाबतीत ग्राह्य धरले जाते. गाडी चालकाच्या नावावर नसेल तर मालकाचे अधिकारपत्र, आणि कर्जावर घेतलेली असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र घ्यावे. बॅटरीवरील वाहनांना प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्राची आवश्यकता नसते. परंतु नाक्यावर कोणी ते मागितल्यास नोंदणी प्रमाणपत्रावरील इंधन प्रकाराची नोंद दाखवावी. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे असतील तर वाहन खासगी, पिवळी असतील तर भाडोत्री. भाडोत्री वाहनांचे नियम आणि कर वेगळे असल्याने तशी गाडी घेऊन जाणाऱ्यांनी स्वतंत्र चौकशी करावी.

नेपाळमध्ये भारतीय वाहन परवाना चालतो. पुढे अन्य देशांत गाडी चालवावयाची असेल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. परभणी जिल्ह्यातील, म्हणजे एमएच-२२ मालिकेतील वाहनधारकांना तो परभणीच्या परिवहन कार्यालयातून मिळतो. त्याची मुदत एक वर्ष असते. ऑगस्ट २०२२ मधील केंद्रीय अधिसूचनेनुसार हा परवाना देशभर एकाच नमुन्यात दिला जातो.

विम्याची हद्द

सर्वांत मोठी जोखीम विम्याच्या बाबतीत असते आणि तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. भारतातील मोटार विमा मुळात भारताच्या हद्दीपुरता असतो. सीमा ओलांडताच गाडी विम्याशिवाय धावू लागते. विजेच्या मोटारीत बॅटरी हा सर्वांत महाग भाग. दगडावर आपटून तिचे कवच फुटले, तर दुरुस्तीचा खर्च लाखांत जाऊ शकतो. यावर उपाय आहे. ‘भौगोलिक क्षेत्रविस्तार’ या नावाचे पृष्ठांकन अतिरिक्त हप्ता भरून घेता येते. भारतीय मोटार विमा दरपत्रकात त्याचा क्रमांक १ असून नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान हे देश त्यात समाविष्ट होतात. निघण्याच्या किमान पंधरा दिवस आधी विमा कंपनीकडे लेखी अर्ज करून हे पृष्ठांकन पत्रावर छापून घ्यावे. प्रतिनिधीच्या तोंडी आश्वासनावर राहू नये. बॅटरीसाठी घेतलेले पूरक संरक्षणही परदेशात लागू होते काय, हा प्रश्न त्याच पत्रात विचारावा. नेपाळमध्ये दुसऱ्याच्या नुकसानीसाठी स्थानिक विमा घ्यावा लागतो काय, याचीही नाक्यावर चौकशी करावी.

उत्पादकाची हमी आणि रस्त्यावरील मदतसेवा यांनाही अशीच हद्द असते. तेच मॉडेल नेपाळमध्ये विकले जात असले, तरी भारतात विकलेल्या गाडीची हमी तेथे लागू होईलच असे नाही. विक्रेत्याकडून याबद्दल लेखी उत्तर घ्यावे आणि काठमांडू, पोखरा व बुटवल येथील अधिकृत सेवा केंद्रांचे क्रमांक जवळ ठेवावेत.

जोडणी आणि पैसे

भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या मोटारींत जलद चार्जिंगसाठी सीसीएस-२ आणि संथ चार्जिंगसाठी टाइप-२ ही जोडणी असते. नेपाळमध्ये सीसीएस-२ बरोबरच चिनी गाड्यांमुळे जीबी/टी ही जोडणीही आढळते. नेपाळ विद्युत प्राधिकरणाने उभारलेल्या केंद्रांवर या दोन्हींची तसेच टाइप-२ ची सोय आहे. ज्यांच्याकडे ‘भारत डीसी-००१’ या जुन्या पद्धतीची जोडणी असलेली गाडी आहे, त्यांनी मात्र जलद चार्जिंगवर विसंबून या प्रवासाला निघू नये.

घरगुती वीजपुरवठा नेपाळमध्येही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचाच आहे. त्यामुळे सोबतचा चार्जर चालतो. अडचण अर्थिंगची येते. जुन्या इमारतींत ती नसेल तर चार्जर बिघाड दाखवून बंद पडतो. हा दोष नसून सुरक्षेची व्यवस्था आहे. तिला बगल देणारे जुगाड जिवावर बेतू शकते. प्लगची तपासणी करणारा छोटा टेस्टर आणि जाड तांब्याच्या तारेची, १६ अँपिअर सतत पेलणारी जोडतार सोबत असावी. पातळ तारेची साधी जोडपट्टी तासन्‌तास तापून आग लागण्याचा धोका असतो.

चार्जिंगचे पैसे देण्याचाही विचार आधी करावा. भारतातील चार्जिंग कंपन्यांची ॲप सीमेपलीकडे निरुपयोगी ठरतात आणि तेथील काही ॲप नेपाळी मोबाइल क्रमांक मागतात. म्हणून सीमेवरच स्थानिक सिमकार्ड घ्यावे. मार्च २०२४ पासून नेपाळमधील ‘फोनपे’ जाळ्याच्या क्यूआर खुणांवर भारतीय यूपीआयने पैसे देता येतात; परंतु डोंगरात नेटवर्क जाते, म्हणून नेपाळी रोकड हवीच. १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये असा स्थिर दर आहे. शंभराहून मोठ्या भारतीय नोटांबाबतचे नियम २०१६ च्या नोटाबंदीनंतर अनेकदा बदलले आहेत; तेव्हा शंभराच्या नोटा नेणे सुरक्षित.

बुटवलपासून पुढे

बुटवलहून दोन वाटा फुटतात. एक तानसेनमार्गे पोखऱ्याकडे डोंगरातून जाते. दुसरी नारायणघाट आणि मुग्लिनमार्गे काठमांडूला. केवळ लुंबिनी पाहून परतणाऱ्यांना यांपैकी कोणत्याही वाटेला लागण्याची गरज नाही. भैरहव्यापासून लुंबिनी वीस-पंचवीस किलोमीटरवर असून रस्ता सपाट आहे. विजेच्या मोटारीने पहिल्यांदाच परदेशी जाणाऱ्यांसाठी हा सर्वांत सोपा पल्ला होय.

काठमांडूला जाताना बुटवल-नारायणघाट या सुमारे ११५ किलोमीटरच्या रस्त्याचे रुंदीकरण अनेक वर्षे रेंगाळले. अशा खडबडीत, वळणरस्त्यांच्या मार्गावर बॅटरीचे तळकवच जपावे लागते. गाडीत वजन जास्त भरल्यास तळ जमिनीजवळ येतो. म्हणून सामान मोजके न्यावे. मुग्लिनची उंची तीनशे मीटरांच्या आसपास, तर काठमांडूची सुमारे १,४०० मीटर. या ११० किलोमीटरच्या टप्प्यात सपाटीचे साडेसोळा आणि चढणीचे सुमारे सहा, असे एकूण २२ ते २३ युनिट लागतील, म्हणजे ४५ युनिटच्या बॅटरीचा निम्मा भाग. नारायणघाटला किंवा मुग्लिन परिसरात ८० टक्के भरून निघाल्यास चिंता उरत नाही.

येथे खरा धोका पावसाळ्याचा असतो. १२ जुलै २०२४ रोजी नारायणघाट-मुग्लिन मार्गावर सिमलताल येथे दरड कोसळून दोन प्रवासी बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस झालेल्या अतिवृष्टीने काठमांडूकडे जाणारे रस्ते तुटले. बॅटरीचे कवच पाणी आत जाऊ न देणारे असले, तरी वाहत्या पाण्यात गाडी घालणे कोणत्याही मोटारीला घातकच. जून ते सप्टेंबर हे महिने टाळून ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते डिसेंबरचा आरंभ किंवा मार्च-एप्रिल हा काळ निवडावा. दरडीमुळे रस्ता बंद होऊन तासन्‌तास थांबावे लागल्यास बॅटरी किमान ३० टक्के असावी, या बेताने डोंगरातले थांबे ठरवावेत.

मुक्तिनाथ ३,७०० मीटरांहून अधिक उंचीवर आहे. पोखऱ्यापासून तेथवरची चढण, थंडी आणि कच्चा रस्ता यांचा एकत्रित विचार करता, पहिल्याच सहलीत स्वतःची गाडी पोखऱ्याला ठेवून पुढे स्थानिक वाहनाने जाणे शहाणपणाचे ठरते.

निघण्यापूर्वी गाडीची तपासणी

सेवा केंद्रातून बॅटरीच्या आरोग्याचा लेखी अहवाल घ्यावा. बॅटरी शीतक, ब्रेक, निलंबन आणि तळकवचाची तपासणी करून घ्यावी. विजेच्या मोटारीतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. ती उतरली, तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. ती तीन वर्षांहून जुनी असेल तर बदलावी. चार्जिंगचा प्लग अडकून बसल्यास तो हाताने सोडविण्याची खीळ कोठे आहे, हे आधीच पाहून ठेवावे. अनेक विजेच्या गाड्यांत जादा चाक नसते. पंक्चर दुरुस्तीचे साहित्य आणि हवा भरण्याचा पंप घ्यावा. गाडी बंद पडल्यास चालती चाके जमिनीवर ठेवून ओढून नेऊ नये. मोटरचे नुकसान होते. सपाट तळाच्या ट्रकवर चढवूनच ती न्यावी.

मराठवाड्यातील उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. भर दुपारी लागोपाठ जलद चार्जिंग केल्यास बॅटरी तापते आणि यंत्रणा चार्जिंगचा वेग आपोआप कमी करते. पहाटे लवकर निघून दुपारच्या आत दिवसाचा मुख्य टप्पा संपविणे हे गाडी आणि माणसे दोहोंच्या हिताचे.

त्याहून दूर जायचे असल्यास

भूतानमध्येही वीज जलविद्युत प्रकल्पांची आहे. मात्र भारतीय पर्यटकांना तेथे २०२२ पासून दर रात्रीचे शाश्वत विकास शुल्क भरावे लागते. युरोप किंवा आग्नेय आशियात स्वतःची गाडी न्यायची असल्यास जहाजाचा मार्ग उरतो. लिथियम बॅटरीचे वाहन सागरी नियमांनुसार धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात मोडते. त्याची घोषणा करावी लागते आणि गाडी चढविताना बॅटरी किती भरलेली असावी, याची मर्यादा जहाज कंपनी घालून देते. अनेक देशांत कार्नेही लागतो. तो मुंबईतील वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनसारख्या संस्थांमार्फत, बँक हमी घेऊन दिला जातो. मुदतीत गाडी परत आली नाही, तर तेथील आयातशुल्काची जबाबदारी मालकावर पडते. जोडणीही बदलते : युरोपात सीसीएस-२, चीनमध्ये जीबी/टी, तर जपानमध्ये चाडेमो.

या सर्वांच्या तुलनेत नेपाळची वाट सोपी आहे. तेथे जोडणी जुळते, व्होल्टता जुळते आणि रस्त्याची बाजूही जुळते. तयारी करावयाची ती युनिटांच्या हिशेबाची, विम्याच्या हद्दीची आणि घरापासून पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरची. मानवतहून निघून हिंगोली-वाशीमचा टप्पा ज्याने व्यवस्थित आखला, त्याला त्रिशूलीच्या काठचा टप्पा आखणेही जड जाणार नाही.